परभाषेचा विद्यार्थी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

परक्या देशात पाऊल ठेवताच मनुष्य पुन्हा बालक होतो. मायदेशी तो कितीही विद्वान असो, तेथे घोटभर पाणी मागण्यासाठीही त्याला हातवारे करावे लागतात. त्यातून तो वैद्य असेल तर त्याची अडचण अधिकच बिकट होते. कारण रोग्याचे दुःख हातवाऱ्यांनी कळत नाही. अशा अडचणीतून मार्ग काढून चिनी जनतेशी एकरूप झालेला एक तरुण सोलापूरने दिला. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा नाना बोली या शहरात कानांवर पडतात. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. इ. स. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जखमी चिनी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे एक पथक धाडले. त्यात कोटणीस होते. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून आगबोटीने निघाले. चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. परत फिरण्यास हे कारण पुरेसे होते. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे त्यांच्या मनाला रुचले नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले.

तेथील जीवनक्रम सोलापूरच्या रहिवाशास सर्वस्वी नवा होता. येनानची माणसे पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये राहत. सोलापूरचा उन्हाळा अंग भाजून काढतो, तर तेथील हिवाळ्यात पाणी गोठून दगड होते. म्हणून लोक कापूस भरलेले जाड कपडे घालीत. मात्र एक गोष्ट ओळखीची होती. तेथील गोरगरिबांचे रोजचे अन्न म्हणजे राळा. आपल्याकडील शेतकऱ्यांनाही हे बारीक धान्य पूर्वापार ठाऊक आहे.

अन्नवस्त्रांची सवय होते. भाषा मात्र कष्टाने कमवावी लागते. आपल्या वेदनांचेच पाहा. मराठी मनुष्य केवळ 'दुखते' असे म्हणून थांबत नाही. त्याची दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, जखमेची आग होते. या प्रत्येक शब्दात वैद्याला रोगाची खूण सापडते. चिनी रोग्याची खूण चिनी शब्दांतच सापडणार. दुभाषी बरोबर असला तरी तो दिवसरात्र प्रत्येक खाटेपाशी उभा राहू शकत नाही. मध्यरात्री कण्हणारा सैनिक काय सांगतो आहे, हे डॉक्टरांना स्वतःच समजले पाहिजे.

चिनी भाषेत एकच ध्वनी निरनिराळ्या सुरांत उच्चारला की त्याचा अर्थ पालटतो. 'मा' हा उच्चार एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागे भरणे असा अर्थ देतो. सूर चुकला की आईचा घोडा होतो! लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही; हजारो चिन्हे पाठ करावी लागतात. पण त्यांतही गंमत आहे. झाडाचे एक चिन्ह म्हणजे झाड, दोन चिन्हे शेजारी मांडली की राई, आणि तीन मांडली की घनदाट अरण्य.

काही बाबतींत मात्र मराठी माणसाची वाट सोपी आहे. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतील भेद चिनी भाषेतही महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्या जिभेवर बालपणापासूनच रुळलेला असतो. 'चमचा' यातील च आणि 'चित्र' यातील च यांत जसा फरक आहे, तसाच फरक त्या भाषेतही आढळतो. शिवाय 'जातो', 'जाते', 'गेलो' अशी क्रियापदाची नाना रूपे तेथे नाहीत. आणि 'चहा' हा शब्द तर मुळी चीनमधूनच आपल्याकडे आला आहे.

ही भाषा कोटणीस रुग्णालयात, छावणीत आणि खेड्यापाड्यांत राहून शिकले. कॅनडाचे थोर शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून यांचे १९३९ मध्ये चीनमध्ये निधन झाले होते. त्यांच्या समाधीच्या समारंभास १९४० मध्ये कोटणीस उपस्थित होते. हा भारतीय डॉक्टर चिनी बोलतो आणि लिहितोही, हे पाहून क्वो छिंगलान या परिचर्या-शिक्षिकेस मोठे कौतुक वाटले. पुढे १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणिसांकडे आले. ते तरुण विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून शल्यविद्या शिकवीत. जो शिष्य म्हणून आला होता, तो असा गुरू झाला.

चिनी लोकांनी त्यांना 'के दि-ह्वा' हे नाव दिले होते. 'ह्वा' म्हणजे चीन. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव 'इन-ह्वा' ठेवण्यात आले. 'इन' म्हणजे भारत. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. अतिश्रम आणि अपस्माराचे झटके यांनी कोटणिसांचे शरीर पोखरले होते. शल्यविद्येच्या पाठ्यपुस्तकाचे त्यांचे लेखन अपुरे राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

सोलापुरातील त्यांच्या जन्मघरी आज त्यांचे स्मारक आहे. चीनमध्ये शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे. तेथील लोक त्यांना 'के ताय-फू' म्हणजे 'के डॉक्टर' असे म्हणत. परदेशातून आलेल्या पाहुण्याला हाक मारावी तशी ही हाक नव्हे. आपल्या गावच्या डॉक्टरला मारावी तशी ती आहे.

स्वाध्याय
१. रोग्याची भाषा डॉक्टरला स्वतःला का यावी लागते?
२. मराठी माणसास चिनी भाषेतील कोणत्या गोष्टी सोप्या व कोणत्या अवघड वाटतील?
३. वेदना दर्शविणारे आणखी पाच मराठी शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या वर्गात परप्रांतातील विद्यार्थी असल्यास त्याच्या भाषेतील दहा शब्द शिकून लिहा.