आधी मालक शोधा, मग नंबर

सिल्वासा गुजरातेत आहे असं धरून चालणारे पाहुणे आमच्याकडे गलोंड्याला दर सुट्टीत येतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. आमचा एसटीडी कोड ०२६०, तोच वापीचा. पिन कोड ३९६२३०, म्हणजे टपाल गुजरात सर्कलचं. हायकोर्ट मुंबईचं. आणि कारभार थेट केंद्राचा, कारण दादरा आणि नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसोबत एकत्र केलेला. उणापुरा ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख, त्यातही दादरा वेगळं पडलेलं, मधे गुजरातची पट्टी. सफारी, बाग, बोटिंग यांची चौकशी करताना लोक फसतात ते इथेच. कोणी महाराष्ट्र पर्यटन महामंडळाला विचारतं, कोणी गुजरातच्या पर्यटन खात्याला, आणि दोन्हीकडून 'ते आमच्याकडे येत नाही' असं उत्तर आलं की मोबाइलवर जो पहिला नंबर दिसेल तो लावतं.

माझ्या डोंबिवलीच्या नणंदेने तेच केलं. दिवाळीच्या सुट्टीत दोन गाड्या भरून मंडळी निघणार होती. पोरांना सिंह बघायचे होते. तिला नेटवर एक मोबाइल नंबर सापडला, खाली फोटो, वर ठिकाणाचं नाव. उचलणारा माणूस इतका अदबीने बोलला की सरकारी माणूस नाही हे खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं! माणशी अमुक पाठवा, सीटा राखून ठेवतो, म्हणाला. तिने पाठवले. फाटकावर तिकीट देणाऱ्याने तिचा मोबाइल हातात घेऊन मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, आमच्याकडे असं बुकिंगच नाही. इथे खिडकीवर पैसे भरायचे, बस भरली की निघायचं." तो नंबर आमच्या प्रदेशातलाही नव्हता.

"वहिनी, फोटो तर इथलेच होते गं," एवढंच ती मला म्हणत राहिली. फोटो कोणीही काढतं. माझ्या मोबाइलमध्येही आहेत. तिच्या नवऱ्याने त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली, ते मात्र चांगलं केलं. अशा वेळी पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तरच अडवता येतात. 'घरी गेल्यावर बघू' म्हटलं की हातचे गेले.

तेव्हापासून कोणीही विचारलं की मी नंबर देत नाही, आधी विचारते: जायचंय कुठे? कारण इथल्या प्रत्येक ठिकाणाचा मालक वेगळा. वासोण्याची सिंह सफारी आणि खानवेलच्या त्याच रस्त्यावरचं सातमालिया हरणांचं उद्यान ही वनविभागाची कामं. सफारीत जाळीच्या बसमधून फिरवतात, सातमालियात चितळ, सांबर, काळवीट दिसतात. या दोन्हींची चौकशी सिल्वासाच्या वनखात्याच्या कार्यालयात. दुधनीच्या जलाशयाचा प्रश्न आला की पर्यटन खातं; पण तिथे बोटी, तंबू यांचा ठेका असतो, आणि ठेका बदलला की फलकावरचा मोबाइल नंबर जुन्या ठेकेदाराच्या खिशात राहतो. शहरातल्या बागांचं तर फाटकावरची पाटी वाचल्याशिवाय मी कोणाला सांगतच नाही.

आता नंबर. माझा भरवशाचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण त्याने मला कधी चकवलेलं नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने सतरा बाबींची माहिती न मागता स्वतःहून जाहीर करायची असते. त्यातली एक बाब म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी. खात्याच्या वेबसाइटवर 'आरटीआय' असं लिहिलेल्या कोपऱ्यात जा. तिथे लोक सहसा फिरकत नाहीत, म्हणून तिथे जाहिरातीही नसतात. साहेबांचा लँडलाइन नंबर, ईमेल, आणि नशीब असेल तर त्यांच्या हाताखालच्या कारकुनाचाही. वेबसाइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतो का, एवढं बघायचं. आणि पानावर दमण-दीवचं नावच नसेल, एकट्या दादरा आणि नगर हवेलीचं असेल, तर ते पान २०२० च्या आधीचं असू शकतं. त्यावरचे साहेब केव्हाच बदलून गेले असतील.

घरात जुनं पर्यटनाचं पुस्तक असेल आणि त्यात सिल्वासाचा सहा आकडी नंबर असेल, तर आधी २ लावून बघा. इथले लँडलाइन आता सात आकडी आहेत.

फोन लागला की काय विचारायचं, यात लोक फार घाई करतात. 'चालू आहे ना?' असं विचारलं की पलीकडून 'हो' येतं, कारण खातं चालूच असतं. वार सांगून विचारा: 'येत्या सोमवारी फाटक उघडं आहे का?' बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं हे मुंबईकरांना पाठ असतं, पण दुसऱ्या गावी गेलं की आठवड्याची सुट्टी असू शकते हे साफ विसरतात. शेवटची बस किती वाजता, हे विचारा. फाटक बंद होण्याची वेळ वेगळी आणि शेवटची फेरी वेगळी. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र लागेल का, आणि ते कोणाच्या नावे लिहायचं? बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या. आणि २ ऑगस्टला कार्यालयात फोन वाजत राहिला तर चिडू नका. तो आमचा मुक्तिदिन, १९५४ चा. त्या दिवशी इथे सुट्टी असते आणि डोंबिवलीत नसते.

मराठीत बोलायला लाजू नका. समोरचा गुजरातीत किंवा हिंदीत उत्तर देईल, पण कळतं सगळं.

अभयारण्याची गोष्ट निराळी. साधारण ९२ चौरस किलोमीटरचं दादरा आणि नगर हवेली अभयारण्य २००० साली जाहीर झालं. तिथे तिकिटाची खिडकी शोधू नका. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगी लागते, तीही लेखी मागितलेली बरी. पक्षी बघणाऱ्यांचा एखादा गट आला की मी त्यांना अर्जात चार गोष्टी लिहायला सांगते: माणसं किती, तारीख कोणती, गाडीचा नंबर, आणि वाटाड्या हवा का. फोनवर 'या, बघू' असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबून गाडी काढू नये. नाक्यावरच्या वनरक्षकाला तुमचा फोन ऐकू आलेला नसतो. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन महाराष्ट्रातल्या जंगलांची. ती लावून इथली परवानगी मिळत नाही, हेही लोक मला विचारतात म्हणून सांगितलं.

  

पावसाळ्यात दमणगंगेकडे जाणार असाल तर चौकशीचं दार पुन्हा बदलतं. दुधनीचं पाणी आमच्या हद्दीत पसरलेलं, पण ते अडवणारं मधुबन धरण गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, आणि दरवाजे उघडायचे की नाही हे ठरतं गुजरातच्या पाटबंधारे खात्यात. पर्यटन खात्याने बोटी बंद ठेवल्या तर त्याचं कारण बरेचदा तिकडे असतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठचं ठिकाण ठरवलं असेल तर बागेच्या नंबरावर फोन करून उपयोग नाही. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर. मात्र तो डोंबिवलीहून लावला तर तिथल्याच जिल्ह्यात लागेल, तेव्हा इथल्या कक्षाचा ०२६० चा नंबर निघायच्या आधी टिपून घ्या आणि निघायच्या दिवशी सकाळी विचारा, आदल्या रात्री नाही.