आवळ्याची भुकटी आणि उन्हाळ्यांतील जनावरें

तहसील कचेरींत कारकुनी करीत असतां मेलेल्या जनावरांचे पंचनामे मीं पुष्कळ लिहिले. परंतु उष्म्याचा खरा अर्थ माझी स्वतःची म्हैस गेली तेव्हां कळला. वैशाखांत ती धापा टाकूं लागली. आवळा थंड, या समजुतीनें मीं तीस दोन दिवस आवळ्याची भुकटी गुळांतून चारली व पशुवैद्यास तिसरे दिवशीं बोलाविलें. तोंवर वेळ गेली होती. तशी चूक वाचकांकडून होऊं नये, म्हणून या फळाचा गुण कोठवर चालतो तें सांगतों.

चिरलेलें वांगें हवेंत काळें पडतें. त्यावर लिंबू पिळलें तर बराच वेळ पांढरें राहतें. प्राणवायूची वांग्यावरील क्रिया लिंबाचा रस थोपवितो. शरीरांतहि प्राणवायूपासून कांहीं तीव्र द्रव्यें उत्पन्न होतात व पेशींच्या आवरणास इजा करितात. उन्हाचा ताण पडला म्हणजे तीं वाढतात. त्यांस आवरणाऱ्या पदार्थांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळ्यांतील क-जीवनसत्त्व व तुरट द्रव्यें, तसेंच जांभळाचा रंग, हीं त्याच वर्गांतलीं होत.

मात्र हें जीवनसत्त्व प्रत्येक प्राण्यास बाहेरून लागतेंच असें नाहीं. मनुष्य व गिनीपिग तें शरीरांत तयार करूं शकत नाहींत. म्हणूनच १९०७ सालीं नॉर्वेंत होल्स्ट व फ्रोलिख यांस गिनीपिगांत स्कर्व्ही रोग उत्पन्न करून अभ्यासतां आला. गाय, म्हैस व उंदीर तें यकृतांत तयार करितात, तर कोंबडी मूत्रपिंडांत. तेव्हां एका प्राण्यावर आलेला गुण दुसऱ्यास तसाच लावणें म्हणजे एका गांवचा सातबारा दुसऱ्या गांवच्या जमिनीस लावण्यासारखें आहे.

कडक उन्हांत कोंबडीची ही घरची पैदास अपुरी पडते. म्हणून तीस आवळ्याचा उपयोग होण्याचा संभव अधिक. प्रयोगांत बहुधा १०० किलो खाद्यास अर्धा ते एक किलो भुकटी घालतात. कांहीं ठिकाणीं वजन व प्रकृति सुधारलेली आढळली. सर्वत्र सारखा गुण आला नाहीं.

गुरांची गोष्ट निराळी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटांतील सूक्ष्म जंतु क-जीवनसत्त्वाचा बहुतेक नाश करितात. तुरट द्रव्य फार झालें तर चाऱ्यांतील प्रथिनें बांधलीं जाऊन पचन मंदावतें. आंब्यासारखीं गोड फळें गुरानें एकदम पुष्कळ खाल्लीं तर पोटांत आम्ल वाढून तें दगावूंहि शकतें.

आवळा हिवाळ्यांत येतो. कोंबड्यांसाठीं उन्हाळ्यापर्यंत ठेवावयाचा असल्यास चकत्या सावलींत वाळवाव्या, कारण उन्हानें क-जीवनसत्त्व कमी होतें. भुकटी घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. बुरशी आलेली भुकटी मुळींच घालूं नये.

आपल्या परभणी जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. म्हशीची कातडी काळी व घामाच्या ग्रंथि थोड्या, म्हणून तीस ऊन अधिक बाधतें. तीस दुपारीं दाट सावली, पुष्कळ गार पाणी व अंगावर पाणी हें प्रथम पाहिजे; चरावयास पहाटे व सायंकाळीं सोडावें. निरोगी गुराच्या अंगांतील उष्णता सुमारें १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ती १०४ च्या वर गेली, तोंड उघडें टाकून जनावर धापा देऊं लागलें, लाळ गळूं लागली, तर तत्काळ अंगावर पाणी ओतीत रहावें व त्याच घटकेस पशुवैद्यास बोलवावें. परभणीस १९७२ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खाद्यांत नवें कांहीं मिसळण्यापूर्वीं तेथें विचारावें.

सावली, पाणी व वैद्य यांची जागा भुकटी घेत नाहीं. मीं ती घेऊं दिली, आणि गोठ्यांतील एक दावें रिकामें झालें.