भिंत खचली की रस्ता चढला?

प्रश्न : मुलाकडे लंडनला गेलो होतो. टॉवर हिल स्टेशनातून बाहेर आलो तर समोरच्या खोलगट बागेत एक जुनी, उंच भिंत आणि तिच्यापुढे कुणा रोमन सम्राटाचा पुतळा. ही शहराची रोमन तटबंदी, असं पाटीवर लिहिलेलं. मी रस्त्यावर उभा आणि भिंतीचा तळ माझ्या पायांच्या बराच खाली. मुलाला विचारलं, भिंत खचली की रस्ता चढला? तो म्हणाला, बाबा, चला, जेवायची वेळ झाली. म्हणून तुम्हाला विचारतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : रस्ता चढला. भिंत होती तिथेच आहे.

आपल्याकडचं कुठलंही जुनं गावठाण आठवा. भोवतालच्या शेतांपेक्षा ते उंचावर असतं आणि तिथल्या मातीला आपण पांढर म्हणतो. मातीची घरं पडतात, त्यांचा ढिगारा कोणी गावाबाहेर नेत नाही, तो सपाट करून त्यावरच नवं जोतं बांधतात. चुलीची राख, शेण, फुटकी मडकी यांची भर पडतच असते. पैठणची, नेवाशाची, तेरची टेकाडं अशीच वाढली. लंडन हेही एक गावठाणच. फक्त आता त्यावर काचेचे मनोरे आहेत.

रोमन लोकांनी थेम्सच्या काठी हे गाव वसवलं ते इसवी सन 50 च्या आसपास. घरं बहुतेक लाकूड आणि मातीची. इसवी सन 60 किंवा 61 मध्ये बौडिका राणीच्या बंडखोरांनी सगळं गाव जाळलं. त्या आगीत भाजलेल्या मातीचा तांबडा थर आजही एखाद्या इमारतीचा पाया खणताना लागतो. पुढे 125 च्या सुमारास पुन्हा मोठी आग लागली. दर वेळी राखरांगोळी सपाट करून गाव त्यावर उभं राहिलं. म्हणजे तटबंदी बांधायला घेतली, तेव्हाच जमीन वर यायला लागली होती.

तटबंदी झाली ती इसवी सन 200 च्या आगेमागे. जमिनीकडच्या बाजूने सुमारे तीन किलोमीटर लांब, सहा मीटरच्या आसपास उंच आणि बुडाशी अडीच मीटरहून जाड. गंमत म्हणजे लंडनच्या परिसरात बांधकामाचा चांगला दगडच नाही. तो केंटमधून, मेडस्टोनच्या बाजूने, आधी मेडवे नदीतून आणि मग थेम्समधून होड्यांनी आणला. या कामाला सुमारे 85 हजार टन दगड लागला असावा, असा अंदाज आहे. 1962 मध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ नदीच्या गाळात रोमन काळातली एक बुडालेली होडी सापडली, तिच्यात हाच दगड भरलेला होता. एक खेप पोचलीच नाही म्हणायची.

भिंतीत मधूनमधून तांबडे आडवे पट्टे पाहिलेत का? त्या सपाट भाजक्या विटा आहेत. दगडाच्या काही थरांनंतर विटांचे थर घालून भिंत बांधून घ्यायची, ही रोमन गवंड्यांची रीत. तुम्ही पाहिलेल्या तुकड्यात बुडापासून साधारण साडेचार मीटरपर्यंतचं काम रोमन आहे, वरचं मध्ययुगातलं. जुन्या भिंतीवर नवी भिंत चढवणं हाही पांढरीचाच न्याय.

त्याच परिसरात एका बुरुजातून जी वस्तू निघाली तिची गोष्ट मला भिंतीहूनही आवडते. हे बुरूज तटाला नंतर जोडले. घाईत असतील किंवा दगड महाग असेल, पण बांधणाऱ्यांनी जवळच्या स्मशानातले कोरीव दगड उचलून भरावाला वापरले. 1852 मध्ये त्यातून एका थडग्याचे तुकडे मिळाले आणि उरलेला एक 1935 मध्ये. जुळवल्यावर नाव लागलं : क्लासिकियानस. बौडिकाचं बंड मोडल्यावर प्रांताचा खजिना सांभाळायला रोमने पाठवलेला अधिकारी. पत्नी युलिया पकाटा हिने उभारलेलं त्याचं थडगं बुरुजात गाडलं गेलं, म्हणूनच ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सगळ्या भिंतीचंही असंच झालं. 410 च्या सुमारास रोमन राजवट संपली. तटाच्या आतलं शहर जवळजवळ ओस पडलं. नंतर आलेले सॅक्सन लोक तटाबाहेर, पश्चिमेला राहिले. मधल्या काळात आत काळपट मातीचा जाड थर साचला. आपली पांढर, त्यांची काळी! 886 मध्ये आल्फ्रेड राजाने लोकांना पुन्हा तटाच्या आत आणलं आणि भर पडणं जोरात सुरू झालं. बाहेरचा खंदक कचऱ्याने भरत गेला. तिथल्या एका रस्त्याचं नाव आजही हाउंड्सडिच आहे. लोक मेलेली कुत्री तिथे टाकत म्हणून ते पडलं, असं सोळाव्या शतकात इतिहासकार जॉन स्टोने लिहून ठेवलंय. 1666 च्या महाआगीचा ढिगारा वेगळाच. आज रोमन काळातली जमीन शहरात कित्येक ठिकाणी चार ते सहा मीटर खाली लागते.

गर्दीला अडचण होते म्हणून वेशी पाडल्या, बहुतेक 1760–61 मध्ये. ऑल्डगेट, बिशप्सगेट, लडगेट ही नावं तेवढी राहिली. उघड्यावरची भिंतही लोकांनी सोयीनुसार फोडली. टिकली ती कुणाच्या घराची मागची भिंत झालेली, नाहीतर तळघरात दडलेली. जी दिसेनाशी झाली, तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

ती पुन्हा दिसली बॉम्बमुळे. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी शहराचा मोठा भाग जाळला. वायव्येकडच्या क्रिपलगेट वेशीच्या बाजूची घरं गेली आणि त्यांच्या पाठीशी असलेला तट उघडा पडला. युद्धानंतर पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तिथे उत्खनन केलं. नोबल स्ट्रीटला एकाला एक लागून दोन भिंती निघाल्या. एवढी जाड भिंत हवी होती तर एकदाच का नाही बांधली? कारण बाहेरची आधीची होती : 120 च्या सुमारास बांधलेल्या लष्करी किल्ल्याची. नंतर शहराचा तट बांधताना तीच वापरली आणि ती कमी जाड म्हणून आतून दुसरी जोडली. वायव्येला तट असा विचित्र कोन का घेतो, हे कोडंही त्यामुळे सुटलं. तिथे किल्ला होता हेच तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

पुन्हा गेलात तर टॉवर हिलवर थांबू नका. नोबल स्ट्रीटच्या कठड्यावरून खाली वाका. रोमन दगडांवर एकोणिसाव्या शतकातल्या घरांच्या विटा अजून दिसतात. लंडन वॉल नावाच्या रस्त्याखाली मोटारींचं पार्किंग आहे, तिथे गाड्यांच्या रांगेत तटाचा एक तुकडा उभा आहे. व्हाइन स्ट्रीटला एका इमारतीच्या तळघरातला, 1905 मध्ये सापडलेला भाग 2023 पासून लोकांना फुकट बघता येतो. तिथे कॉफीही मिळते, त्यामुळे मुलाची तक्रार राहणार नाही.