धर्मादाय दवाखान्यातली खाट : उपकार की हक्क?



सरकार आणि धर्मादाय संस्था यांचे नाते हा विषय निघाला की, "ते शहरातल्या लोकांचं काम, आपला काय संबंध?" असे पुष्कळांना वाटते. संबंध आहे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की तो रोजचा आहे. ट्रॉलीवरून पडलेला तोडणी कामगार, रात्री दारे धरताना शॉक बसलेला गडी, बाळंतपणात अडलेली बाई, यांना घेऊन गाडी जिल्ह्याच्या गावी एखाद्या ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यापाशी थांबते. तिथे पहिला प्रश्न येतो तो डिपॉझिटचा. त्या वेळी काय बोलावे हे आधीच ठाऊक असावे, म्हणून या अंकातला हा पाठ.

आधी सरकारकडची व्यवस्था पाहू. सपाटीच्या मुलखात साधारण ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय अशी ही रचना आहे. ताप-थंडी, लस टोचणे, सरळ बाळंतपण इथवर ती उपयोगी पडते. डोक्याला मार लागला, हाड मोडून आत सळई बसवायची झाली, म्हणजे मोठा दवाखाना लागतो. असे सरकारी दवाखाने थोडे आणि तिथली गर्दी फार. म्हणून सरकारने जोडीला दुसरा रस्ता धरला. दवाखाना चालवणाऱ्या विश्वस्त संस्थांना सवलती द्यायच्या आणि बदल्यात गरिबांची सेवा घ्यायची. कुणाला नाममात्र भाड्याने जमीन मिळाली, कुणाला बांधकामात सवलत, कुणाला करात सूट.

हा व्यवहार आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रातले बहुतेक सहकारी कारखाने उभे राहिले तेव्हा सभासदांच्या शेअर्सबरोबर सरकारनेही भागभांडवल घातले. सरकारचा पैसा आला तसा सरकारचा तपासही आला. तो आपण मुकाट मान्य केला, कारण घेतले तर हिशेब द्यावा लागतो. दवाखान्याच्या ट्रस्टलाही हाच न्याय लागू आहे. सरकारने सोडलेला कर हा शेवटी जनतेचाच पैसा. गरिबाला मिळणारी खाट ही त्या पैशाची परतफेड आहे.

आता कायदा पाहू. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हा १९५० सालचा. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले आहे. या कायद्याच्या कलम ४१ कक मध्ये सरकारी सवलत घेणाऱ्या आणि वर्षाला ५ लाखांवर खर्च असणाऱ्या धर्मादाय दवाखान्यांवर ही जबाबदारी टाकली आहे. तरी अंमल नीट होईना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने ठरवून दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. तिच्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

१) एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. म्हणजे २०० खाटांच्या दवाखान्यात २० आणि २०.

२) दवाखान्याने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायची. १ कोटीची बिले झाली तर २ लाख. गरिबांच्या औषधांचा खर्च या निधीतून होतो.

३) निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, परिचारिका, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधे व साहित्याच्या बिलाचा निदान निम्मा भाग भरायचा. ते बिल खरेदीच्या दरानेच धरायचे. १० हजार झाले तर किमान ५ हजार.

४) तातडीचा रुग्ण लगेच दाखल करून घ्यायचा. जीव वाचवण्याचे उपचार सुरू करायचे. डिपॉझिट मागायचे नाही.

२००६ साली उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला २५ हजार आणि दुर्बलांसाठी ५० हजार होती. पुढे ती वाढवली आहे. चालू आकडा तहसील कचेरीत विचारून घ्यावा.

मग इतके असूनही लोक कर्ज काढून बिले का भरतात? याचे उत्तर या नात्याच्या बांधणीतच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (२०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली) ठरलेल्या उपचाराचे ठरलेले पैसे दवाखान्याला मिळतात. त्यामुळे रुग्ण त्या योजनेत बसतो का, हे दवाखानाही बघतो. राखीव खाटेचे तसे नाही. तो खर्च दवाखान्याच्या पदरचा, म्हणून आपण होऊन "ही सवलत घ्या" असे कोण सांगणार? सरकारने सवलत दिली, ट्रस्टने ती घेतली, पण वसुलीचे काम पडले रुग्णावर, आणि त्यालाच ते माहीत नाही. विचारणारा नसला की हक्क कागदावरच राहतो.

तेव्हा आपण काय करायचे? दवाखान्यात गेल्यावर वैद्यकीय समाजसेवक कोण, हे विचारावे. "कलम ४१ कक खाली निर्धन रुग्ण म्हणून नोंद करा" असे नीट शब्दांत सांगावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवावे. नकार आला तर तो लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात अर्ज द्यावा. भांडण करू नये. ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या हातात हे नसते.

तोडणी कामगारांची अडचण वेगळी. त्यांचे तहसील दुसऱ्या जिल्ह्यात, दाखला आणायला दोन दिवस जातात. म्हणून टोळी उतरली की प्रत्येक कोपीतल्या रेशनकार्डाची नक्कल मुकादमाने गोळा करावी, एक प्रत गट ऑफिसात ठेवावी. ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने एवढे पाहावे. त्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यात जातो.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निधी २ टक्क्यांचा, खाटा मोजक्या. ज्याचे ऊसबिल लाखात जाते त्याने ओळखीने खोटा दाखला काढून ती खाट अडवली, तर तो सरकारला किंवा ट्रस्टला फसवत नाही. त्याच रात्री दारात ताटकळणाऱ्या गरिबाच्या तोंडचा घास तो काढून घेतो. हक्क ज्याचा आहे त्याला तो मिळवून द्यावा, आणि आपला नसेल तिथे हात आखडावा. सहकार आपल्याला हेच शिकवत आला आहे.