मिठाबरोबर साखर का?

गतवर्षी पावसाळ्यात नववीच्या वर्गात पेशीचा पाठ चालला असता एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारिले, "सर, जुलाब झाले म्हणजे आई मीठसाखरेचे पाणी देते. अंगातले मीठ गेलेले असते, म्हणून ते द्यावयाचे हे समजले. पण साखर काय केवळ चवीकरिता?" आम्ही "शक्तीकरिता" असे सांगून पुढे गेलो. ते उत्तर अपुरे होते, हे आमच्या मनास त्याच रात्री बोचू लागले. खरे उत्तर त्या दिवशीच्या पाठातच, पेशीच्या पडद्यात, होते.

हा पडदा इतका पातळ असतो की, असे एक लक्षाहून अधिक पडदे एकावर एक रचावे तेव्हा कोठे एक मिलिमीटर जाडी होईल. तो मुख्यत्वेकरून स्निग्ध रेणूंचा व प्रथिनांचा बनलेला असतो. स्निग्ध रेणूचे डोके पाण्याची आवड धरणारे, तर त्याच्या दोन शेपट्या पाण्याचा तिटकारा करणाऱ्या. रश्श्यावर तेलाचा तवंग येतो, त्यातलाच हा गुण. पेशीच्या आत पाणी व बाहेरही पाणी. म्हणून हे रेणू दोन थर करून राहतात, डोकी दोहोंकडे पाण्यात व शेपट्या मध्ये दडलेल्या. १९२५ साली हॉलंडातील गॉर्टर व ग्रेंडेल ह्यांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्धांश काढून पाण्यावर एकेरी थरात पसरविला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापिली. त्यांचा स्निग्धांश पुरता निघाला नव्हता, आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरिले होते. पण ह्या दोन चुकांनी एकमेकींस खोडून काढिले व निष्कर्ष बरोबर आला! गणिताच्या परीक्षेत मात्र ह्या युक्तीवर कोणी विसंबू नये.

ह्या स्निग्ध थरातून प्राणवायू सहज जातो; मिठाचे विद्युद्भारित कण व साखर ह्यांस मात्र तो अडवितो. त्यांच्याकरिता पडद्यात प्रथिनांची दारे आहेत. ही प्रथिने भिंतीतील विटांसारखी पक्की बसविलेली नसून त्यांतील पुष्कळशी स्निग्ध थरात तरंगत असतात, असे सिंगर व निकोलसन ह्यांनी १९७२ साली मांडिले.

लहान आतड्याच्या पेशींत असे एक चमत्कारिक दार आहे. मिठातील सोडियमचे दोन कण व ग्लुकोजचा एक रेणू जोडीने आले, तरच ते त्यांस आत घेते. पेशीतील सोडियम दुसरे एक प्रथिन सतत बाहेर उपसत असते. त्यामुळे आत त्याची उणीव असते, बाहेरचे सोडियम आत लोटते आणि साखरेस बरोबर ओढून नेते. मीठ व साखर गेली की पाणी त्यांच्या मागोमाग जाते. आपल्या घरच्या साखरेतूनही आतड्यात ग्लुकोज सुटतेच. ही जोडी रॉबर्ट क्रेन ह्यांनी १९६० साली प्राग येथील सभेत प्रथम मांडिली.

आता पटकीकडे पाहू. तिचे जंतू पेशीत शिरत नाहीत. त्यांचे विष पडद्यातील एका विशिष्ट स्निग्ध रेणूचे डोके पकडून आत जाते व क्षार बाहेर सोडणारे एक प्रथिनदार उघडेच ठेविते. क्षार आतड्यात वाहतात, मागून पाणी, आणि माणूस काही तासांत सुकून जातो. परंतु साखरेचे दार त्या विषाने बिघडत नाही! १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून देण्याचे क्षारजल संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस ह्यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते रुग्णांस पाजविले. पाजणारे बहुधा त्यांचेच नातलग होते. शंभरांत सुमारे तीस दगावत होते, ते प्रमाण चारांच्या आत आले.

माता-पित्यांनी प्रमाण मात्र सांभाळावे. दवाखान्यातील पुडी मिळाल्यास ती उत्तम. न मिळाल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. गोडी वाढविली तर न शोषलेली साखर उलट आतड्यात पाणी ओढिते व जुलाब वाढतात. मीठ वाढविले तर तान्ह्या मुलांस धोका. मूल पाणी पिईनासे झाले किंवा ग्लानीत गेले, तर मात्र चमचा बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता दहावीत आहे. तिचे उत्तर तिला एक वर्ष उशिरा मिळत आहे.