घरचं रिन्स एड : विकण्याआधी आधी हे समजून घ्या

व्हिडिओत आपण रिन्स एड घरी बनवलं. आता ते विकायचं का, याचा हिशोब बघू.

आधी रिन्स एडचं काम समजून घ्या. डिशवॉशर शेवटच्या पाण्यात ते थोडंथोडं सोडतं. त्यात दोन गोष्टी असतात. पहिली आम्ल, जे बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग धरू देत नाही. दुसरी सर्फॅक्टंट, ज्यामुळे पाण्याचे थेंब न राहता पाणी भांड्यावरून सरकन निघून जातं आणि भांडी लवकर सुकतात.

घरच्या उपायात फक्त पहिलं काम होतं. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं.

काय वापरायचं?

- सायट्रिक अॅसिड (लिंबूसत्व): १०० मिली पाण्याला १० ग्रॅम. पाणी आरओचं, नाहीतर उकळून गार केलेलं आणि गाळलेलं घ्या. थोडंच बनवा.
- पांढरा व्हिनेगर: चालतो, पण रोज वापरला तर मशीनचे रबर खराब होऊ शकतात. कधीतरीच वापरा.
- मोसंबी-लिंबाचा रस: अजिबात नको. आपल्या जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, पण ती खायला! तिच्यात आम्ल कमी, साखर जास्त. रस आंबतो आणि गर मशीनच्या बारीक छिद्रात अडकतो.

आणि एक लक्षात ठेवा. यातलं काहीही ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

माझी चूक ऐका. सुरुवातीला मी लिंबाच्या रसाच्या दहा बाटल्या ओळखीच्या घरांत दिल्या. "एकदम नॅचरल" म्हणून सांगितलं. काही दिवसांत एका ताईंचा फोन आला, "दादा, बाटलीत बुरशी आलीय." दहाही बाटल्या परत घेतल्या, पैसे परत केले. पैसे थोडेच गेले, पण त्या ताई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. तो तोटा वहीत कुठल्या खात्यात लिहायचा?

आता हिशोब. १०० ग्रॅम पावडरमध्ये साधारण एक लिटर माल, म्हणजे १०० मिलीच्या दहा बाटल्या. माल स्वस्तच पडतो. खर्च बाटली, बूच, लेबल आणि तुमच्या वेळेत आहे. वेळेची मजुरी धरली नाही, तर तो नफा खोटा.

पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फी नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ: एकाच पाण्यात काचेचे दोन ग्लास धुवा, एक लिंबूसत्व घालून, एक तसाच. दोन्ही सुकू द्या आणि उजेडात धरून बघा. फरक तुम्हाला दिसला, तरच गिऱ्हाइकाला दाखवा. आणि पहिली बाटली महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून बघा. विक्री त्यानंतर.