रॅकेटचें वजन आणि घरचा काटा

विद्यार्थी मित्रहो, वजन करण्याचा प्रसंग आपल्या घरीं व बाजारीं रोज येतो. गणेशपुरीस भाजीवाली तराजूंत वांगीं घालते, वाणी विजेच्या काट्यावर डाळ ठेवितो, आणि आपण आंकडा पाहून मुकाट्यानें पैसे देतों. परंतु कोणता काटा कोणत्या कामास योग्य, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो विचार शिकण्यास टेनिसची रॅकेट हें फार चांगलें उदाहरण आहे. कारण येथें चूक झाली तर तिचा भार पैशाच्या पिशवीवर नव्हे, तर खेळणाऱ्या मुलाच्या कोंपरावर पडतो.

पूर्वीं रॅकेट लाकडाची असे व ती साधारणतः ३७० ते ४०० ग्रॅम भरे. पंडिता क्षमा राव यांच्या कन्या लीला राव यांनीं १९३४ सालीं विंबल्डन येथें एकेरीचा सामना जिंकला व असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या; तो काळ लाकडी रॅकेटींचाच होता. आजची रॅकेट ग्रॅफाइटची असते. प्रौढांसाठीं केलेली रॅकेट तांतीवांचून बहुधा २६० ते ३४० ग्रॅम भरते, व तांती ओंवल्यावर तींत आणखी १५ ते १८ ग्रॅमांची भर पडते. रॅकेटची लांबी ७३.७ सेंटीमीटरांहून अधिक नसावी, असा खेळाचा नियम आहे. वजनाला मात्र नियमानें कांहींच मर्यादा घातलेली नाहीं. ती मर्यादा प्रत्येकानें आपल्या हातास विचारून ठरवावयाची असते.

येथें पालकांस एक विनंति करावीशी वाटते. मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा घ्यावा, हें खरें. पण रॅकेट वाढत्या अंगाची घेऊं नये. न पेलणारी रॅकेट फिरवितांना मनगट, कोंपर व खांदा यांवर ताण येतो आणि फटका मारण्याची रीतच बिघडते. उलट अति हलकी रॅकेटही निर्दोष नव्हे. जोराचा चेंडू आदळला कीं ती मागें ढकलली जाते व धक्का हातास बसतो. शिवाय रॅकेटीवर छापलेलें वजन बहुधा तांतीवांचूनचें असतें, आणि एकाच नांवाच्या दोन रॅकेटींतही पांच-सात ग्रॅमांचा फरक आढळूं शकतो. म्हणून छापील आंकड्यावर विसंबून न राहतां रॅकेट स्वतः तोलून पाहावी.

आतां काटा कोणता घ्यावा? काट्याचे दोन गुण निरनिराळे ओळखावे. एक बारकावा, म्हणजे तो किती लहान फरक दाखवितो. दुसरा खरेपणा, म्हणजे त्यानें दाखविलेला आंकडा खऱ्या वजनाच्या किती जवळ आहे. सामान तोलण्याचा टांगता काटा बहुधा दहा-दहा ग्रॅमांच्या पायरीनें चालतो. पांच ग्रॅमांचा फरक त्यास दिसणार तरी कसा? सोनाराच्या कामाचा लहान काटा ग्रॅमाचा शंभरावा अंश दाखवील, पण त्याचें ताट इवलेंसें, आणि त्याची मर्यादा पुष्कळदां रॅकेटच्या वजनापेक्षांही कमी. आपल्या कामास स्वयंपाकघरांतील सपाट काटा उत्तम; तो पांच किलोपर्यंत तोलणारा व एक ग्रॅमाची पायरी दाखविणारा असला, म्हणजे झालें. जो फरक शोधावयाचा, त्याच्या पांचव्या हिश्शाइतका बारकावा काट्यांत असला कीं पुरे. त्याहून अधिक दशांश पाहून भुलूं नये.

विजेच्या काट्याच्या पोटांत धातूची एक पट्टी असते. वजन पडतांच ती किंचित् वांकते, तिला चिकटविलेले बारीक वाहक ताणले जातात, त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो, आणि त्या बदलावरून आंकडा उमटतो. म्हणून काटा सपाट व टणक जागीं ठेवावा. गादीवर किंवा तिरप्या फळीवर ठेवूं नये. रॅकेट रुंद असल्यामुळें वाऱ्यानेंही आंकडा हालतो. तेव्हां पंखा बंद करावा. काट्यावर एक वाटी पालथी घालून आंकडा शून्यावर आणावा व मग तिच्यावर रॅकेट आडवी तोलून ठेवावी; रॅकेटचें टोक मेजास टेकूं देऊं नये. तीनदां तोलून तिन्ही आंकडे लिहून ठेवावे.

काट्याची परीक्षाही घरींच होते. २०१२ ते २०१८ या सालांचीं, रुपयाचें चिन्ह असलेलीं पांच रुपयांचीं नेहमींचीं पिवळीं नाणीं प्रत्येकीं ६ ग्रॅमांचीं आहेत. अशीं ५० नाणीं म्हणजे ३०० ग्रॅम, जवळजवळ एका रॅकेटचेंच वजन. नाणीं झिजतात, म्हणून वाण्याकडील सरकारी मुद्रेचीं वजनें मिळाल्यास अधिक चांगलें. पाण्यानें परीक्षा करावयाची तर थंड पाणी घ्यावें. आपल्या कुंडांतील ऊन पाणी येथें फसवील. कारण ५० अंश उष्णतेचें एक लिटर पाणी सुमारें ९८८ ग्रॅमच भरतें.

वजनाबरोबर तोलही पाहावा. रॅकेटच्या मुठीचें टोक एका पट्टीच्या धारेवर व दुसरें टोक तितक्याच उंचीच्या काट्यावर आडवें टेकवावें. समजा, रॅकेट ३०० ग्रॅमांची, लांबी ६८.५ सेंटीमीटर आणि काट्यावरील आंकडा १४४ ग्रॅम आला. १४४ ला ६८.५ नें गुणून ३०० नें भागल्यास सुमारें ३२.९ येतात, म्हणजे तोलाचा बिंदु मुठीच्या टोकापासून ३२.९ सेंटीमीटरांवर आहे. लांबीचें अर्ध ३४.२५, त्या अर्थी ही रॅकेट मुठीकडे जड आहे. सारख्याच वजनाची पण डोक्याकडे जड असलेली रॅकेट फिरवितांना अधिक भारी वाटते. वर्गांत शिकलेला तरफेचा नियम तो हाच.

मित्रहो, काटा महाग असला म्हणजे खरा असतो असें नाहीं, आणि रॅकेट नामांकित असली म्हणजे आपल्या हाताची असते असेंही नाहीं. आधीं काटा पारखावा, मग रॅकेट तोलावी, आणि शेवटीं ती हातांत घेऊन अर्धा तास खेळून पाहावें. काटा वजन सांगेल. तें पेलतें कीं नाहीं, हें हातच सांगेल.